मांत्रिकाची वही

आमचा केंद्रशासित प्रदेश राज्य झाल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. दहावीला इंग्रजीत आपटून मी आमोण्याला घरीच होते. बोटीवर नोकरी करणारा माझा मावसभाऊ सुटीवर आला, तो एक जाड इंग्रजी पुस्तक आणि अनेक बाजूंचे फासे घेऊन. खेळ असा, की आपण कागदावर एक पात्र लिहायचं, तो गोष्ट सांगणार, आपण पात्र काय करतं ते सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासे ठरवणार. रविवारी जेवणं आटोपली की आम्ही सोप्यावर बसायचो. मी, माझी ताई आणि शेजारी भाड्याने राहणारे सावंतवाडीकडचे काका. ते खाणीवर ट्रक चालवायचे.

काकांनी पुजारी घेतला, ताईने रानातली जोगीण, मी मांत्रिक. तिघांनाही जादू येते तर फरक काय, हे मला कळत नव्हतं. काकांचा पुजारी चिलखत घालून पुढे उभा राहायचा, जखमाही बऱ्या करायचा. माझा मांत्रिक मात्र एक मंत्र म्हणायचा आणि दिवसभर गप्प.

"ह्या मांत्रिकाक घोंगडी द्या, निजांदे," काका हसायचे.

मला राग आला. पुस्तक मागून घेतलं आणि शब्दकोश पुढ्यात ठेवून आठवडाभर बसले. एकेका पानाला एकेक सकाळ जायची. पण उलगडत गेलं. पुजाऱ्याला मंत्र त्याचा देव देतो, तेही देवाला पटतील तेवढेच. जोगिणीला रान देतं. मांत्रिकाला कोणीच काही देत नाही. त्याने मंत्र वहीत उतरवायचा, सकाळी पाठ करायचा, आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. पण वहीत नवे मंत्र भरत जाता येतात! मागच्या खेळात आम्हांला एक लिखित गुंडाळी मिळाली होती, ती तशीच पडून होती. तिच्यात कोळ्याच्या जाळ्याचा मंत्र होता. मी तो रीतसर वहीत उतरवला.

पुढच्या रविवारी किल्ल्याची लढाई. मावसभावाने तो किल्ला हळर्णच्या किल्ल्यावरूनच रचला होता. अरुंद दरवाजात राक्षस उभा. काकांचे मंत्र जखमा भरण्यात संपले, दगडी भिंतींत ताईला साधी वेल मिळेना.

"आतां कितें करतलीं तुमी?" मावसभाऊ म्हणाला.

"दोन भिंतींच्या मधे जाळं टाकते."

"असलो दांडगो राक्षस तें तोडून उडयतलो!"

"लगेच नाही. वाचू?" मी तो परिच्छेद इंग्रजीत मोठ्याने वाचला आणि मराठीत सांगितला. कितीही बलवान असला तरी सुटायला वेळ लागतो. आणि जाळं पेट घेतं.

त्याने पुस्तक ओढून घेतलं, ओळींवरून बोट फिरवलं. "खरें गो," तो म्हणाला आणि राक्षसासाठी फासा टाकला. राक्षस अडकला.

काका उठून उभेच राहिले. "माझ्या पुजाऱ्याच्या हातात मशाल आसा! मारली फेकून!"

जाळं भडकलं. ताई इतक्या जोरात ओरडली, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कितें जालें?"

"राक्षस मेला!" आम्ही तिघं एकदम.

ऊर असा भरून आला होता, की मला बसवेना. अंगणात जाऊन मी दोन फेऱ्या मारून आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी खाणीवर सगळ्या ड्रायव्हरांना माझी हकिगत ऐकवली. "आमच्या शेजारच्या चेडवान राक्षस मारल्यान!" पुढच्या रविवारी त्यांतले दोघे आमच्या सोप्यावर हजर. दोघांनाही मांत्रिकच हवा होता.