मधलं रीळ मागणारी गोदाक्का

निपाणीत आमच्या आळीत कुणी मेलं की गोदाक्का लगेच रडायची नाही. बाकीच्या बायका डोळ्याला पदर लावत आत शिरायच्या. ही उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "कशानं गेली?" कुणी "नशीब गं आक्का" म्हणालं, तर म्हणायची, "नशिबाला ताप आलता का हगवण लागलीती, ते सांग." उत्तर मिळालं की आत बसून मोकळ्या गळ्यानं रडायची. लोकांना हे आवडत नसे. लहानपणी मलाही तिची लाज वाटे.

ती आमच्या शेजारी राहायची आणि माझ्या आईबरोबर तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. उंच, काळी, तंबाखूच्या खकाण्यानं आवाज कायमचा बसलेला. मूलबाळ नव्हतं. नवरा बैलगाडी हाकायचा. त्याला कुणी काही विचारलं तर "तिला इचारा" एवढंच बोलायचा.

गोदाक्काला अक्षर येत नव्हतं, पण गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागला की ती एकही खेळ सोडत नसे. दुसऱ्या दिवशी वखारीत पानं निवडता निवडता सगळी गोष्ट बायकांना सांगायची, गाण्यांसकट. मध्येच थांबून म्हणायची, "आता हितं गोष्टीची कंबर आली. कंबर न्हाय ती गोष्ट उभी ऱ्हात न्हाय."

मी चौथी पास होऊन घरी बसले होते आणि माझं लग्न जमत आलं होतं, त्या वर्षी तंबूत एक भुताचा सिनेमा आला. एका जमीनदाराच्या दोन बायका मेलेल्या. दारातल्या पिंपळावरचं भूत त्याला सांगतं की तिसरी जी उंबरा ओलांडेल तीही वाचणार नाही, हे विधिलिखित आहे. तरी तो लग्न करतो. वरात येते, नवरी माप लवंडते, पिंपळ हलतो. आणि एकदम पडद्यावर चिता. नवरा रडतोय, भूत हसतंय, खेळ संपला. तंबूतून निघताना कुणीतरी म्हणालं, सटवीनं कपाळावर लिहिलेलं चुकत नाही. माझी आई माझा हात धरून चालत होती. घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

कारण माझं स्थळही तिजवराचंच होतं. चिकोडीकडच्या एका गावचं घर, तंबाखूचं शिवार, दोन बैलजोड्या, आणि दोन बायका मेलेल्या. तिसरीही जाणार, असं त्यांच्या गावच्या जोश्यानं सांगितलं होतं. त्यावर आमच्याकडे उतारा असतो. तिजवराचं तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. अरिष्ट येईल ते झाडावर जातं, मग बाई आणायची ती चौथी. सिनेमातल्या जमीनदारानं हे केलं नाही म्हणून त्याची बायको मेली, असं आप्पा, म्हणजे माझे वडील, आईला समजावत होते. आईला ते पटत होतं. मलाही पटलं. झाडाच्या मागून सासरी जायचं, एवढंच.

गोदाक्का मात्र तंबूतच राहिली होती. मशीनवाल्या माणसाला तिनं गाठलं.

"का रं, मधलं रीळ कुठं गेलं?"

"कुठलं रीळ, मावशी?"

"वरात झाली आन् लगोलग चिता? मधी ती जेवली न्हाय, बोलली न्हाय, आजारी पडली न्हाय? मेली कशानं?"

त्यानं रिळांच्या पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मालकानं पेट्या इकत घेतल्या तवाच ते नव्हतं. मी बी बघितलं न्हाय."

वखारीत हे सांगताना गोदाक्का चिडली होती. "त्यानं बघितलं न्हाय, मी बघितलं न्हाय, आन् आख्खं गाव नशीब नशीब करत घरला गेलं. कापून टाकलेल्या जागंला नशीब म्हनत्यात व्हय?"

एक बाई म्हणाली, "आक्का, भुतानं आधीच सांगितलंतं की."

"भूत काय, आधी सांगतंय आन् शेवटाला हसतंय. मधी घरात कोन हुतं ते इचार."

मग तिनं माझ्या आईकडे बघितलं. "तुझ्या पोरीच्या स्थळाचं मधलं रीळ तू बघितलंस का गं?"

आई पानं निवडत राहिली. त्याच आठवड्यात गोदाक्काचा नवरा स्थळाच्या गावची तंबाखू आणायला निघाला, तेव्हा ही गाडीत बसून गेली. परत आली ती थेट आमच्या दारात. आप्पा ओट्यावर बसले होते.

"सुईणीला भेटून आलो," ती म्हणाली. "दोघी बी बाळंतपणात गेल्या. बाळंत नीट झाल्यात्या. त्या घरात बाळंतिणीला पानी देत न्हाईत, कुळाचार हाय. कोंडून, शेगडी लावून, सुका भात. ताप चढला तरी पानी न्हाय. दोघी बी पानी पानी करत गेल्या."

आप्पांनी विडी ओट्यावर विझवली. मग म्हणाले, "शब्द दिलाय, गोदाक्का. आन् रुई हाय की."

"रुई तुझ्या लेकीला पानी पाजनार हाय का?"

"तू तुझ्या घरला जा."

ती गेली. मी दाराआड होते, सगळं ऐकलं. त्या दिवसापासून मला सारखी तहान लागायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण पोरीच्या तहानेला विचारतो कोण?

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड निपाणीत उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या माळावर रुईचं लग्न. एका झाडाला हळद लावली, पिवळं सूत गुंडाळलं, बांगड्या अडकवल्या. नवरदेव मुंडावळ्या बांधून समोर उभा. भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टका म्हटल्या, तांदूळ पडले. माणूस वाईट दिसत नव्हता. थकलेला दिसत होता. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. शेवटी भटजी म्हणाले, सासूनं आता नव्या सुनेला पाणी घालावं. सासू पुढं आली. भरला तांब्या तिनं झाडाच्या बुडाशी सावकाश ओतला.

"या सुनंला पानी चालतंय व्हय?"

गोदाक्काचा आवाज बसलेला, तरी सगळ्यांना ऐकू गेला. ती घोळक्यातून पुढं येऊन झाडाशीच उभी राहिली.

सासू म्हणाली, "कोन गं तू?"

"शेजारीन. झाडाला तांब्याभर घातलंस. त्या दोघींना घोटभर का न्हाय दिलंस, तेवढं सांग. मग मी जातो."

नवरदेवाचा मामा ओरडला, "त्यांचं नशीब हुतं त्ये. सटवीनं लिवलं हुतं."

"लिवलं हुतं तर पानी पाजून बघायचं. पानी पिऊन बी मेल्या असत्या तर मी सटवीला मानलं असतं."

भटजी "मुहूर्त, मुहूर्त" म्हणत राहिले. कुणी हललं नाही. तेवढ्यात नवरदेव बोलला. आईकडे न बघता, खाली ओल्या मातीकडे बघत बोलला. "दुसरी दाराला धडका मारत हुती. मी भाईर बसलो हुतो."

त्यानं मुंडावळ्या सोडल्या आणि झाडावर ठेवल्या. सासू त्याला ओढायला लागली. आप्पांनी डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मग ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "चल घरला."

अशी मी वाचले. आमच्या घरी याचा आनंद वगैरे झाला नाही. भात शिजवलेला होता, तो आळीत वाटला. आप्पा गोदाक्काशी पुढं कितीतरी महिने बोलले नाहीत. बायका मला मांडवातून परतलेली म्हणायच्या, आणि तिला म्हणायच्या लग्नमोडी. ती म्हणायची, "लगीन मोडलं, पोर न्हाय मोडली." पुढं मला खानापूरकडचं साधं स्थळ मिळालं. शेती थोडी, पाऊस फार. चार मुलं झाली. प्रत्येक वेळी मी पाणी मागितलं आणि मिळालं.

स्वातंत्र्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा गोदाक्का अंथरुणाला खिळली होती. दमा. त्या तिजवराची बातमी मी बाजारात ऐकली होती. त्यानं पुढं दुसरीकडे लग्न केलं. बाळंतपणात तो स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन खोलीत जायचा, आईला दारात अडवायचा. ती बायको चांगली ठणठणीत आहे. आणि त्याच्या गावात सगळे सांगतात की रुईनं अरिष्ट घेतलं, म्हणून चौथी जगली.

मी हे रागानं सांगितलं. गोदाक्का खोकत खोकत हसली. "म्हनू देत की गं. जगली न्हवं?"

पावसाळ्यात ती गेली. ती म्हणू देत म्हणाली, मी म्हणू देणार नाही. झाडानं काही केलं नाही. झाड उभं होतं, आम्हीही सगळे उभे होतो. बोलली ती एकटी.