रफार आणि खवचट परीक्षक

कळंबला आमचं टायपिंगचं आणि पत्रिका छापायचं दुकान आहे. दुकानातल्या सगळ्या जुन्या पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये. त्या नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांचा नुसता खिमा व्हायचा. एकदा शोधता शोधता मला एक फुकटचा प्रोग्राम सापडला. तो जुनं मराठी नव्यात बदलून द्यायचा. ठिकठिकाणची माणसं पगाराशिवाय तो मिळून बनवत होती, आणि आत कसा चालतो ते कुणालाही बघता यायचं, दुरुस्त करता यायचं. झकास चालायचा, फक्त ‘आशीर्वाद’चं ‘आशीवार्द’ करायचा. लग्नपत्रिकेत हे कसं चालणार?

कॉलेजात शिकलेलं थोडं प्रोग्रामिंग मी झटकून वर काढलं आणि खपून रफार मागच्या अक्षरावर नेऊन बसवला. ‘आशीर्वाद’ नीट उमटला तेव्हा मी दुकानात एकटीनंच टाळ्या वाजवल्या. दुरुस्ती पाठवून दिली आणि कौतुकाची वाट बघत बसले.

आलं ते भलतंच. आलेल्या दुरुस्त्या तपासणारे एक गृहस्थ होते. वयानं मोठे, जुने, आणि सगळे त्यांना टरकून. त्यांनी लिहिलं होतं, ‘हा निष्काळजीपणाचा कळस आहे. लिहिणाऱ्याला रफार म्हणजे काय हेच ठाऊक नाही. जोडाक्षर आलं की हे कोसळतं. सामर्थ्य लिहून बघावं.’

माझे कान तापले. प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडायचा नाही असं ठरवलं. तेवढ्यात माझी धाकटी नणंद आली. ती शाळेत गणित शिकवते आणि तिला कशाचंच भय नाही. तिनं ते वाचलं आणि शांतपणे म्हणाली, “वहिनी, शिव्या त्यांच्यापाशी राहू द्या. सामर्थ्य तेवढं लिहून बघा.”

लिहून बघितलं, तर ‘सामथ्र्य’. माणूस खवचट होता, पण खोटा नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. दोघींनी चहा घेत कागदावर अक्षरं मांडली. रफार एक अक्षर मागं न्यायचा नव्हताच, अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यायचा होता. शनिवारी ते जमलं. मी नवी दुरुस्ती पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं की चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे.

रविवारी दुपारी त्या सगळ्या मंडळींची ऑनलाइन बैठक होती. मी पहिल्यांदाच जाणार, म्हणून नणंद सोबतीला आली. कॅमेरा बंद ठेवला. माईकही बंद आहे असं मला वाटत होतं. कुणीतरी कोरड्या आवाजात कामं वाचून दाखवत होतं, आणि मी खुर्चीच्या टोकाला अवघडून बसले होते. मला हसवायला नणंदेनं त्या गृहस्थांचा मजकूर उघडला आणि लग्नपत्रिकेच्या चालीवर वाचायला लागली, “आमचे येथे निष्काळजीपणाचा कळस करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब येण्याचे करावे.”

मी टेबलावर डोकं ठेवून हसले. वर बघितलं तर पलीकडचं वाचन थांबलेलं, आणि पडद्यावर माझा माईक हिरवागार.

कुणीतरी खोकलं. मग एक जाड, सावकाश आवाज आला. “हे मी लिहिलंय का?”

घाबरले होते, तरी हसू आत थांबेना. “व्हय, सर,” म्हटलं. “‘निष्काळजीपणाचा कळस’ तुमचाच आहे. बाकीचं आमच्या दुकानातलं.”

नणंदेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. ते म्हणाले, “ऐकायला फार वाईट वाटतं. ती ओळ काढतो. पण बाकीचं बरोबर होतं.”

“बरोबरच होतं,” मी म्हटलं, आणि कुठून बळ आलं कोण जाणे, “म्हणून मी काल दुरुस्त केलं. तुम्ही अजून बघितलं न्हाय.”

त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर ते चालवून बघायला घेतलं. सामर्थ्य झालं. वर्ज्य झालं. मर्त्य झालं. ते एकेक अवघड शब्द शोधून टाकत होते आणि एकेक सुखरूप बाहेर येत होता. प्रत्येक शब्दाला नणंद माझ्या पाठीत थाप मारत होती. हळूहळू बाकीच्या मंडळींनीही माईक उघडले आणि शब्द सुचवायला लागली. त्या जाड आवाजातसुद्धा आता शिकारीची मजा आली होती. शब्द संपले तेव्हा त्यांनी दुरुस्ती मंजूर केली आणि विचारलं, “तुमच्याकडं जुन्या पत्रिका किती आहेत?” “लई,” मी म्हटलं. त्यातले मोडणारे शब्द काढून पाठवा, असं त्यांनी सांगितलं. विनंती नव्हतीच ती, हुकूम होता.

बैठक संपल्यावर दुकानाचं शटर ओढलं आणि दोघी स्कूटीवर ढोकीच्या रस्त्याला निघालो, काही काम नसताना. पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन डुलत चालला होता. मी हॉर्नही वाजवला नाही. नणंद मागं बसून मोठमोठ्यानं जोडाक्षरं म्हणत होती, आणि समोरून येणारी माणसं वळून वळून बघत होती.

गृहस्थ आजही खवचटच आहेत. परवा माझ्या कामावर त्यांनी लिहिलं, ‘ठीक. दुसरा भाग पुन्हा करा.’ मी उलट लिहिलं, की दुसरा भाग बरोबर आहे, तुम्हीच पुन्हा वाचा. आता त्यांच्या उत्तराची वाट बघतेय.