हिरवळीला इस्त्री

धोबीखान्यात सगळे तिला आत्या म्हणत. ती कुणाचीच आत्या नव्हती. पण इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी करायची, म्हणून नाव चिकटलं. नवरा गेल्यावर तिच्या लांबच्या दिराने तिला या वाळवंटातल्या शहरात कामाला आणलं. हे भावजी धोबीखान्याचे मुकादम. टाय लावायचे. गावाकडे सदऱ्याला धड गुंड्या नसलेल्या माणसाच्या गळ्यात टाय आला, की मान आपोआप ताठ होते.

आत्या आली ती अशा मुलखातून, जिथे भिंतीत खुंटी ठोकली तरी तिला पालवी फुटावी. तिथे असताना मात्र ती त्या हिरव्याला शिव्याच घालायची. अंगणात गवत, कौलांवर शेवाळ. हातातला कोयता सुटायचा नाही. आणि इथे? जमीन भाजलेल्या पिठाच्या रंगाची, भिंती त्याच रंगाच्या, आभाळही त्यातलंच. सुट्टीच्या दिवशी ती बाजारात जाऊन पालेभाजीच्या ढिगापुढे नुसती उभी राहायची.

"घ्यायची का नाही, मावशी?"

"बघू तर दे मेल्या. बघायचेही पैसे लावतोस की काय!"

धोबीखान्याच्या मागे एसीचं पाणी टपटप गळायचं. तिथे तिने कारल्याचं बी टोचलं. दोरी बांधून वेल थेट आपल्या टेबलासमोरच्या खिडकीवर चढवला. वाफेने जीव उकडून निघाला, की नजर वर करायची. एखादं पान चुरगळून हुंगायची. त्या कडवट वासात डोळे मिटले, की थेट घरच्या बांधावर.

मग मोठे मालक भेटीला येणार अशी बातमी आली. आत्या जेवून परत आली, तर खिडकी उघडीबोडकी. वेल कचऱ्याच्या पोत्यात कोंबलेला.

"वहिनी, तो पसारा काढून टाकला," भावजी म्हणाले. "तुम्हाला हिरवंच पाहिजे ना? हे बघा!" दाराशी प्लास्टिकच्या हिरवळीची गुंडाळी उभी होती. "पाणी नको, खत नको, कधी सुकायचं नाव नाही."

"तुमच्यासारखंच की हो, भावजी. मुळंच नाहीत, तर सुकणार काय?"

रडली नाही ती. सापाने धरावा तसा डूख धरला. भावजींच्या सदऱ्यांना इस्त्री तीच करायची. कॉलरला अशी कांजी चढवली की मान सोलून निघाली.

"वहिनी, जरा जास्तच कडक होतंय."

"मालक येणार ना? ताठ दिसायला नको?"

पण एवढ्याने तिची आग विझणारी नव्हती.

मालक येण्याच्या दिवशी मागे, वेलाच्या जागी हिरवळ अंथरली, तर गुंडाळीत दबून दबून तिला घड्या पडलेल्या. इथे फुगवटा, तिथे खळगा. मालकांची गाडी निघाल्याचा फोन आला आणि भावजींचा जीव वरखाली झाला. आता ज्याचा जन्म कपड्यांत गेला, त्याला घडी दिसली की दुसरं काय सुचणार?

"वहिनी, इस्त्री आणा!"

सगळ्या इस्त्र्या जागच्या जागी थांबल्या. आत्या खिडकीतून वायर सोडून आपली इस्त्री घेऊन मागे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "किती गरम करू?"

"कडक. सुती चादरीला करता तशी."

"वरून ओलं फडकं टाकून मारू का?"

"शहाणपणा शिकवू नका. मारा!"

"तुमचा शब्द, भावजी."

आणि आत्या बसली. वितळून इस्त्रीला चिकटलेल्या प्लास्टिकच्या गुंड्या खरवडण्यात तिची नखं झिजली होती. काय होणार ते तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या जागी वेलाचं मूळ होतं तिथूनच तिने सुरुवात केली, अगदी प्रेमाने, दाबून. चर्रर्र झालं. धूर निघाला. भावजी "अहो, थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत तिने दुसरा पट्टाही ओढला. हिरवळीची काळी पापडी झाली, अन् अशी घाण सुटली की विचारू नका.

मालक नाकाला रुमाल लावूनच मागे आले. "हे कुणी केलं?"

"मी," आत्या म्हणाली. "भावजींनी सांगितलं तस्संच केलं. विचारा सगळ्यांना."

सगळ्यांच्या माना होकारात हलल्या.

मालकांनी ती पापडी भावजींनाच खरवडायला लावली. टाय पाठीवर टाकून, कडक कॉलरीत मान आवळून ते गुडघ्यांवर बसले. आत्या खिडकीतून बघत आरामात चादरी करत होती. गार वाटायला तिला त्या दिवशी एसी लागला नाही.

पुढे त्याच ओल्या जागी तिने पुन्हा बी टोचलं. खिडकी भरली. पहिलंच कारलं चिरलं, मीठ लावून पिळलंसुद्धा नाही, तसंच परतून भावजींच्या डब्यात घातलं.

पहिल्या घासालाच भावजींचं तोंड वाकडं झालं. "वहिनी, फार कडू आहे हो."

"खा, भावजी," आत्या म्हणाली. "वेलाला अजून बरीच लागली आहेत."