पानी कवढं?

सुरुवातीलाच सांगते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं, दाराला लटकवायला नाही. मी विरारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. भिंगाखाली दिसेल तेच लिहायचं, नाही दिसलं तर 'नाही' लिहायचं, ही इतक्या वर्षांची सवय. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आता मीच लिहायला बसलेय, तर तुम्हीही खुशाल हसा...

आम्ही चंदनसारला राहतो. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तानसा नदीच्या पलीकडच्या एका गावात असते. शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलं की मधेच एक वाट नदीकडे उतरते, तिथे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, मावशीला आवडणार नाही. गावात जायला एकच पूल होता. बुटका, बिनकठड्याचा, एक टेम्पो शिरला की दुसऱ्याने थांबायचं. पावसाळ्यात नदी चढली की त्याच्यावरून पाणी.

हा पूल मधोमध खोलगट होता. रस्त्याच्या बाजूने येणाऱ्याला त्याच्यावर पाणी किती आहे ते कळायचं नाही, गावच्या उंच काठावरून मात्र दिसायचं. म्हणून येणारा माणूस तिकडून ओरडायचा, "पानी कवढंऽऽ?" आणि गावच्या बाजूला जो कोणी असेल तो ओरडून सांगायचा. फूट-बिट भानगड नाही. घोट्याला म्हणजे बिनधास्त ये. पोटरीला म्हणजे जपून ये. गुडघ्याला म्हणजे तिथेच थांब. लहानपणी सुट्टीत आम्ही अंगणात हाच खेळ खेळायचो.

मावशीचं घर पुलाला लागूनच, त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर द्यायची ती. एका पावसाळ्यात काका, म्हणजे मावशीचे यजमान, भाजी विकून परत येत होते. त्यांनी विचारलं, मावशीने "पोटरीला" सांगितलं, आणि पुलाच्या मधोमध त्यांचा पाय सुटला. काका सापडलेच नाहीत. गाव म्हणालं, वरून लोंढा आला, नशीब. आम्हीही तेच म्हणालो. त्याला आता बरीच वर्षं झाली.

शेवटी एकदाचा त्याच्या शेजारीच नवीन पूल झाला. उंच, रुंद, दोन्हीकडे कठडे. आता पावसात गाव तुटणार नाही, अडलेल्या बाळंतिणीला खाटेवरून न्यावं लागणार नाही. या पुलासाठी गावच्या बायका सरकारी कचेरीत जाऊन बसल्या होत्या, त्यात मावशी पहिल्या रांगेत. त्यामुळे ऐन मे महिन्यात तिचा फोन आला, "बाय, जुना पूल फोडायला आलेत, तू आत्ताच्या आत्ता ये", तेव्हा मला वाटलं, पेढे वाटणार असेल.

पोचले तर मावशी ओट्यावर बसलेली, डोळे सुजलेले. पुलाच्या टोकाला फोडकामाचं पोकलेन मशीन धडधडत होतं. मी पाणी मागायच्या आत ती बोलायला लागली.

"त्या दिवशी पानी गुडघ्याला लागलेलं, बाय. मी बघितलेलं. पन मना ताप होता, घरात एकटी... वाटलं, घरी यावा. म्हनून पोटरीला सांगितलं."

इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन जगली आणि आम्ही तिला नशिबाच्या गोष्टी सांगत बसलो.

"तवापासून तो इचारतो," ती म्हणाली. "तिकडून. पानी कवढं म्हनून. मी एकदा पन बोलले नाय. मी तोंड उघडलं का तो येनार. आनि आला का परत वाहून जानार... आता हे पूल फोडतात. मंग तो न इचारताच नदीत उतरंल गं. त्याच्याआधी मना सांगायला पायजे. पन आवाजच फुटत नाय. तू हात धर माझा."

खरं लिहिते — मी मनातल्या मनात डॉक्टर शोधत होते. आमच्याच लॅबला पेशंट पाठवणाऱ्या एक मानसोपचाराच्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे न्यावं असं ठरवूनही टाकलं. पण आत्ता तिचं मन मोडायला नको म्हणून हात धरून पुलाशी गेले. दुपार कलली होती. नदीत पाणी म्हणावं तर डबकी, पुलाखालचे गोटे कोरडे ठणठणीत. पलीकडचा रस्ता सरळ डोळ्यांसमोर, त्यावर चिटपाखरू नाही.

पोकलेन अचानक बंद पडलं. बंद पडलं कसलं, ऑपरेटरने बंद केलं. केबिनमधून डोकं बाहेर काढून तो पलीकडे बघत होता.

आणि मी ऐकलं. "पानी कवढंऽऽ?" शेवटचा 'ढं' लांबवत नेऊन वर उचलायची काकांची पद्धत होती. मी तो आवाज लहानपणापासून ओळखते.

ऑपरेटर खाली उतरला. "मॅडम, उधर कोई पानी माँग रहा है," असं म्हणून स्वतःची बाटली उचलली आणि नवीन पुलावरून भराभर पलीकडे निघाला. बिचाऱ्याला 'पानी' तेवढं समजलं होतं.

मावशीची बोटं माझ्या हातात रुतली. मग ती ओरडली. तिच्या एवढ्याशा छातीत एवढा आवाज असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"गुडघ्याच्या वर हाऽऽय! येऊ नको! थितंच थांब!"

मग पलीकडून अगदी साधं, रोजच्यासारखं, "बरंऽऽ."

मावशी मटकन खाली बसली. मीही तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने ऑपरेटर परत आला, बाटली तशीच भरलेली. "कोई नहीं है उधर. दूर तक देखा. आपने भी सुना ना?" मी मान हलवली. त्याने त्या दिवशी पुन्हा मशीन चालू केलं नाही.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, नदी कोरडी होती गं. ये म्हणायचंस ना त्यांना."

"ये म्हनलेलं ना एकदा," ती म्हणाली. "आता थांबलाय, तं कुठंतरी हाय."

दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी पूल पाडला. त्या ऑपरेटरला आमच्या काकांची गोष्ट माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि एकाच वेळी दोन माणसांच्या, मावशी धरून तिघांच्या कानाला भास कसा होतो, हे मी लॅबच्या डॉक्टरांनाही विचारून पाहिलं. ते म्हणाले, उन्हाचा परिणाम. असेल. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, पण हेही पटत नाही.

जुलैत नदी तुडुंब भरली तेव्हा मी मुद्दाम मावशीकडे राहायला गेले. नवीन पुलावरून बस आरामात येत होती, गाव खूश. मावशी मात्र दारात बसून नदीकडे कान लावून होती. मी भीतभीतच विचारलं, "येतो का आवाज?"

तिने पदराने डोळे पुसले.

"नाय गं. आता इचारतच नाय. मीच सांगितलं ना त्याला, थांब म्हनून."