दहा पायांचा समुद्रकोळी

चाचांचा लेबलावर काडीचा विश्वास नव्हता. पुसदच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे लॅब अटेंडंट. बाटलीवर स्पिरिट लिहिलेलं असलं तरी बूच काढून वास घेतल्याशिवाय ती फळीवर ठेवत नसत. "लिहिणाऱ्याचं काय जाते सर?" म्हणत.

त्या वर्षांत यावर कुणी हसतही नव्हतं. नकली बियाण्यानं कपाशी बुडाली होती. ढाणकीकडची मुलं बियाण्याची रिकामी पाकिटं आणून खरं-खोटं आम्हालाच विचारत. सगळा जिल्हा संशयी झाला होता, आणि मी तर नवा मास्तर.

अशात कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दक्षिण ध्रुवाकडच्या सफरीतून समुद्रकोळ्यांच्या, म्हणजे कोळ्यासारख्या लांब पायांच्या समुद्री प्राण्यांच्या, बरण्या पाठवल्या. त्या थंड पाण्यात हे प्राणी ताटाएवढे होतात म्हणे. मी त्या कुळांप्रमाणे लावायला सांगितल्या, तर चाचांनी कोणता कुठल्या समुद्रातला, किती खोलीवरचा, असं बघून लावल्या. "माणसाले पहिले गाव पुसते सर, आडनाव मंग."

त्यातल्या एकाला दहा पाय निघाले. माझ्या पुस्तकात आठच होते. तुटके नमुने सरस लावून बेमालूम जोडण्यात चाचांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे माझ्या मनात पाल चुकचुकली.

"चाचा, हे दोन पाय कुठून आणले?"

"आले तसेच हायेत सर. म्या हातबी नाई लावला."

मी विद्यार्थ्यांसमोर चिमटा आणि कात्री घेतली, आणि शेवटचे दोन पाय कापले. सरस नव्हता. समुद्रकोळ्याचं आतडं पायांत शिरलेलं असतं. ते याही पायांत शिरलेलं होतं. मग मी पत्र लिहून विचारलं, तेव्हा सफरीवरच्या त्या मुलाचं उत्तर आलं. दक्षिणेच्या थंड समुद्रात दहा पायांच्या काही जाती आहेत, म्हणून खास पाठवला होता. तसला दुसरा नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र घेऊन चाचांकडे गेलो, माफी मागितली. चाचा वेगळे जपून ठेवलेले ते कापलेले पाय त्याच बरणीत हलकेच सोडत होते.

"मले झूटा समजले, ते जाऊ द्या सर," ते म्हणाले. "पण त्याले कायले कापलं? मले पुसलं तसं अजून एखाद्याले पुसायचं होतं."

चाचा निवृत्त झाले, मग गेलेही. बरणी अजून आहे. हे पाय कुणी तोडले, असं मुलं दरवर्षी विचारतात. मी माझं नाव सांगतो.