स्कूटरची राखण

आमची इलेक्ट्रिक स्कूटर घरच्या साध्या प्लगवर पूर्ण चार्ज व्हायला पाच तास घेते. मी शिक्षक, माझी सकाळची शाळा. एक वाजता सोलापूरच्या शुक्रवार पेठेत घरी आलो की पत्र्याच्या पडवीत गाडी लावायची, वायर जोडायची आणि जेवून आडवं व्हायचं, असा माझा बेत होता. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो पहिल्याच दिवशी उधळून लावला. मी वायर जोडली आणि ते खुर्ची घेऊन बाहेर आले. गाडीशेजारी बसले ते सहा वाजेपर्यंत.

अण्णांनी उभं आयुष्य यंत्रमागावर काढलं. एक धागा तुटला आणि लक्ष नसलं की चादर वाया. त्यामुळे चालू मशीनजवळ माणूस पाहिजेच, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मोरीत जायचं झालं तरी माझ्या बायकोला हाक मारायचे, "सूनबाई, जरा हितं उभी ऱ्हा." मला हसू यायचं. आमच्या गाडीला वॉचमन आहे, असं मी शेजाऱ्यांना सांगायचो.

एप्रिल आला आणि हसू आटलं. सोलापूरचं दुपारचं ऊन, वर तापलेला पत्रा आणि खाली पंच्याहत्तरीचे अण्णा घामानं निथळत बसलेले. एके दिवशी उठताना त्यांचा तोल गेला. मी धरलं म्हणून पडले नाहीत. मी मुळात तापट, त्यात घाबरलेला.

"अण्णा, बॅटरी भरली की चार्जर आपोआप बंद होतो! तुमची तिथं काही गरज नाही!" भर गल्लीत ओरडलो.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आत गेली. सुटलो बुवा, असं मला वाटलं. पण अण्णा दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवण निम्म्यावर आलं. झोपले म्हणावं तर डोळे उघडे. आठवड्यानं बायको म्हणाली, "अहो, ऊन परवडलं, पण हे नको."

मी त्यांच्या उशाशी जाऊन बसलो. "अण्णा, चुकलं माझं."

"तुजं काय चुकलं? ते आपोआप बंद व्हतंय, मला पयल्यापासनं ठावं हाय की." ते भिंतीकडंच बघत होते. "पर तितं बसलं की वाटायचं, अजून कामावर हाय मी."

अशा माणसाला मी गल्लीत उभं राहून गरज नाही म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी दाराच्या आत, पंख्याखाली, गाडी दिसेल अशी खुर्ची मांडली. शाळेतून आल्यावर वायर मी जोडली नाही, प्लग अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो बसवला, नीट बसलाय का ते वाकून पाहिलं आणि मग बटण दाबलं. मी तिथंच घुटमळत होतो.

"जा की, जेव जा," अण्णा खुर्चीत टेकत म्हणाले. "मी हाय हितं."