काचेच्या झाकणाची पेटी

तेव्हा मी हिंजवडीतल्या एका कंपनीत होतो. कंपनीच्या बसमध्येच निम्मं आयुष्य जात होतं आणि जीव अगदी विटला होता. एकच आशा होती, ऑनसाइटची, म्हणजे कामासाठी अमेरिकेला जायची. पाहणीला आलेला अमेरिकन साहेब टीममधून एकालाच निवडणार होता. त्याला सिगार आवडतात हे कळल्यावर मी कॅम्पातल्या एका दुकानात निघालो, तर वडील म्हणाले, "मीही येतो."

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर माल तपासला. तिथे गेटवर काडेपेटीसाठी खिसे झाडून घेत, त्यामुळे विडीलाही त्यांनी कधी हात लावला नाही.

दुकानदाराने क्यूबाचे म्हणून काचेच्या झाकणाची पेटी काढली. वडिलांनी चष्मा पुसला आणि पाच सिगार ओळीने काउंटरवर मांडले. त्यातले दोन बाकीच्यांपेक्षा बोटाच्या पेराएवढे जास्त लांब. एकाचा रंग काळपट. कागदी पट्ट्यांवरची सोनेरी अक्षरं कुठे वर, कुठे खाली. एक सिगार हलकेच दाबला, तर मधेच पोकळ लागला.

"अहो, याला उजेड सोसतो का?"

"नाही. अंधारातच ठेवायचा."

"मग काचेचं झाकण कशाला?" वडील माझ्याकडे वळले. "एक खोटा निघाला की अख्खा लॉट परत. आमच्याकडे हाच नियम होता."

"आजोबा, घ्यायचं नसेल तर हात लावू नये," दुकानदार म्हणाला.

आणि मी, त्याला काही बोलायचं सोडून, वडिलांवरच खेकसलो. "बाबा, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

त्यांनी एकेक सिगार जागच्या जागी ठेवला आणि ते पायरीवर जाऊन उभे राहिले.

खरं तर मलाही सगळं दिसत होतं. पण साहेब उद्या परत जाणार होता आणि दुसरं दुकान शोधायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. पेटी घेतली.

साहेबाने ती उघडलीसुद्धा नाही. काचेतून पाहिलं, हसला, माझा खांदा थोपटला आणि पेटी माझ्याच हातात ठेवत म्हणाला, "ही तुझ्या वडिलांना दे." ऑनसाइटला दुसराच गेला.

संध्याकाळी दार वडिलांनीच उघडलं. त्यांनी माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं.

"आला का लॉट परत?" एवढंच विचारलं आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले.